भिंगरीचा खांदा आणि किलोभराची गन

पाळण्यात त्याचं नाव काय ठेवलं होतं ते आता त्यालाही थांबून आठवावं लागलं असतं, आणि थांबणं हेच तर त्याला जमत नव्हतं. रंगकामाच्या धंद्यात सगळे त्याला भिंगरी म्हणत. वयाच्या बावन्नाव्या वर्षीही हा गृहस्थ चहा चालता चालता प्यायचा. त्यामुळे घरात कप एका खोलीत आणि बशी दुसऱ्या खोलीत सापडे. लग्नाच्या फोटोत बायको स्पष्ट आली आहे आणि तिच्या शेजारी एक धुरकट पट्टा आहे. तो नवरा.

अशा माणसाचा उजवा खांदा धरला.

तीस वर्षं डोक्याच्या वर हात ताणून छतं रंगवल्यावर खांद्याने दुसरं काय करावं? हात कानापर्यंत जायचा आणि तिथे अडायचा. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "फाटलंबिटलं काही नाही. स्नायू दमलेत. त्यांना आराम द्या." भिंगरीने दारातून वळून विचारलं, "त्याची गोळी नाही का मिळत?"

खरी पंचाईत पुढेच होती. शुक्रवारी कंत्राटदाराने त्याला डाव्या हाताने केस विंचरताना पाहिलं.

"भिंगरी, सोमवारपासून शाळेच्या सभागृहाचं छत आहे. गुरुवारी शाळा उघडतेय. सोमवारी सकाळी मी येतो, पहिला हात माझ्यासमोर मार. जमलं तर छत तुझं. नाहीतर दुसरा माणूस बघतो. राग मानू नकोस."

राग कसला, भिंगरीला ते छतच डोळ्यांसमोर दिसू लागलं. त्या छताला त्याचाच हात दोनदा लागला होता. पहिल्यांदा तर तो उमेदवारी करत होता. खाली उस्ताद उभे होते. "शिडी चढ, छताला नाक लाव," ते ओरडायचे, "लांबून कुणी माया करतं का?" तेव्हापासून लांब काठीला रोलर लावून खालून छत रंगवणाऱ्यांना भिंगरी रंगारी मानतच नसे. "ते अंगण झाडतात," असं म्हणे. आता त्याच छतावर दुसरा कुणी चढणार? शुक्रवारी त्याने घरात इतक्या येरझारा घातल्या की बायको म्हणाली, "अहो, फरशी झिजेल. निदान फडकं तरी बांधा पायाला."

फोनवर जावयाने तोडगा काढला. "मसाज गन घ्या, मामा. व्यायाम करणारे सगळे वापरतात. धडधड करते, स्नायू मोकळे होतात."

शनिवारी दुकान उघडायच्या आधीच भिंगरी दुकानासमोर फेऱ्या मारत होता. विक्रेता तरुण आणि सोशिक होता. त्याने तीन यंत्रं काउंटरवर मांडली: खिशात मावेल असं एक, लांब दांड्याचं मधलं एक, आणि तिसरं जाडजूड. पुढे बसवायचे तुकडेही दाखवले. गोल चेंडू मोठ्या स्नायूंसाठी, चपटा साधारण कामाला, टोकदार एखाद्या गाठीसाठी.

"आणि काका, हाडावर नाही लावायचं. मणक्यावर नाही, गळ्यावर तर नाहीच. एका जागी एक-दोन मिनिटं. दाबायचं नाही, नुसतं ठेवायचं."

"नुसतं ठेवायचं?" भिंगरीला ते पटेना. त्याने छोटं यंत्र तळहातावर जोरात दाबलं. ते गुरगुरलं आणि बंद पडलं. "हे बघा! याच्यात जीवच नाही."

"खांदा दुखतोय ना? मग हे मधलं बघा. निम्मं वजन, दांडा लांब. तुमचं तुम्हाला पाठीपर्यंत पोचेल. ते मोठं किलोच्या वर आहे."

"अरे, वीस लिटरची बादली घेऊन तीन मजले चढणाऱ्या माणसाला तू किलोचं सांगतोस?"

त्याने मोठं यंत्र कानाशी हलवून पाहिलं, टिचकी मारली, वास घेतला. रंगाचा डबा तो असाच पारखत असे. विक्रेता आणखी काहीतरी सांगत होता, पण त्याचं वाक्य पुरं झालं तेव्हा गिऱ्हाईक रस्त्यावर पोचलं होतं.

घरी आल्यावर गणित कळलं. उजव्या खांद्याच्या मागे यंत्र लावायचं तर ते डाव्या हाताने धरायला हवं, आणि तेही उचलून, वाकडं करून. बादली खाली लोंबते. हे किलोभराचं धूड पाठीमागे अधांतरी धरायचं होतं. चार मिनिटांत डावा खांदाही कुरकुरू लागला. एकाचं दुखणं होतं ते दोघांत वाटलं गेलं.

"आणा इकडे," बायको म्हणाली. तिने त्याला स्टुलावर बसवलं आणि यंत्र खांद्यावर ठेवलं. "हलू नका."

"हललो नाही."

"मग हे दंडावर कसं आलं?"

"जरा खिडकीकडे बघितलं."

"बघा बाई! चार भिंती रंगवायला तुम्ही एक दिवस घेता, आणि तुमच्या खांद्याला पुरे पडायला माझे सात जन्म!" तिने यंत्र त्याच्या मांडीवर ठेवलं आणि ती कपडे वाळत घालायला गेली.

रविवारी भिंगरीच्या डोक्यात रंगाऱ्याची अक्कल चमकली. हात पोचत नाही तिथे काठी लावतात. शिकाऊ पोरांसाठी ठेवलेली रोलरची लांब काठी त्याने काढली. तिच्या टोकाला मास्किंग टेपचे अकरा वेढे देऊन गन बांधली. काठीचं दुसरं टोक मागच्या कपाटाला टेकवलं आणि आपण गनकडे पाठ करून मागे रेलला. आहाहा! पूर्ण दीड मिनिट स्वर्ग. मग त्याला आठवलं की उद्यासाठी रोलर भिजत घालायचा राहिलाय. तो उठला.

पाठीचा टेकू गेल्यावर काठी घसरली आणि चालू गन भिंतीवर जाऊन धडाधडा आपटू लागली. बशीएवढा गिलावा खाली आला. आवाज ऐकून बायको धावत आली, तर नवरा भिंतीला कान लावून आनंदाने उभा.

"मी म्हणत नव्हतो इथे पोकळ आहे? चार वर्षं म्हणतोय!"

"खांदा!" ती ओरडली. "खांद्याचं काय?"

तोवर त्याने खड्डा बुजवायला पुट्टीचा पत्रा घेतला होता. हात उचलला आणि कानाशी येऊन अडला. पत्रा हातातून पडला. मग मात्र तो खाली बसला. खरोखर बसला. बायकोने ते पाहिलं आणि तिचा आवाज खाली आला.

"उद्या नाही गेलात तरी चालेल."

"मला नाही चालणार."

"मग ते धूड परत करा. त्या पोराने काय सांगितलं होतं?"

"मधलं घ्या म्हणाला."

"म्हणजे ऐकू आलं होतं तर."

दुकानात विक्रेत्याने गनवरचा टेपचा चिकट वेढा नखाने खरवडला, भिंगरीकडे पाहिलं, आणि मधली गन बदलून दिली. हलकी गन डाव्या हाताने सहज मागे पोचली. दहा मिनिटांनी ती आपोआप बंद व्हायची. त्या दिवशी त्याने ती दोनदा वापरली आणि दोन्ही वेळा पूर्ण बसला. फक्त एक पाय हलत होता.

सोमवारी सभागृहात कंत्राटदार आला. भिंगरीने हात वर केला. कानाच्या वर चार बोटं गेला, खांदा जरा सैल झाला होता. पण शिडीवरून छत गाठायला ती चार बोटं पुरेशी नव्हती, हे दोघांनाही दिसलं. कंत्राटदाराने खिशातून फोन काढला.

"थांबा," भिंगरी म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडून कुणी कधी ऐकला नव्हता, म्हणून कंत्राटदार खरंच थांबला.

भिंगरीने भिंतीला टेकवलेली लांब काठी उचलली. टोकावर अजून टेपचा चिकटा होता. रोलर बसवला, रंगात बुडवला, निथळला. दोन्ही हात छातीच्या खालीच ठेवून त्याने खालून पहिला पट्टा ओढला. दुसरा त्याच्या काठावर चढवला. दोन्हींच्या मध्ये रेघ दिसेना.

"तू तर म्हणायचास, हे अंगण झाडणं आहे," कंत्राटदार म्हणाला.

"झाडतोय," भिंगरी म्हणाला. "नीट झाडतोय ना?"

फोन खिशात गेला. "आणि ही शिडी कशाला आणलीस?"

"तिच्यावर गन ठेवलीय. तासाने दहा मिनिटं बसणार आहे."

"तू? बसणार?"

"त्या वेळी या बघायला," भिंगरी म्हणाला, आणि मान वर करून तिसरा पट्टा ओढायला लागला. उस्ताद खाली जिथे उभे राहायचे, जवळपास तिथेच तो उभा होता.