लोयांगच्या विहारात पांढरे कपडे

चीनला जायचं मित्राच्या डोक्यात आलं. मित्रा, म्हणजे संघमित्रा, माझी बायको. आमचा एकुलता एक मुलगा राहुल गेल्या वर्षी इथे ओमानमध्ये सहमजवळ हायवेवर अपघातात गेला. तेव्हापासून मस्कतच्या हमरियात, आम्ही राहतो तिथे, ती खाली दूध आणायला उतरली तरी मलयाळी दुकानदार आधी मान खाली घालतो, मग दूध देतो. "मला कुणी ओळखत नाही अशा गावी न्या," म्हणाली. चीनमधलं पहिलं बुद्धविहार लोयांगला आहे, म्हणून लोयांग.

जाणार असाल तर सांगून ठेवतो. व्हिसाचं काम मस्कतमध्येच होतं. बीजिंगपर्यंत विमान, पुढे बुलेट ट्रेन. रोख पैसे कुणी फारसे घेत नाही, तेव्हा पेमेंटचं आणि भाषांतराचं ॲप निघण्याआधीच फोनमध्ये टाका, नाहीतर तिथे बोंब. राहायचं जुन्या गावात, वेशीच्या आत. मग सगळं पायी होतं.

पहिल्या दिवशी वेशीपासून नगारखान्याच्या बुरुजापर्यंत चाललो. मोठ्या रस्त्यावर नुसता बाजार. भाड्याचे जुने पोशाख घालून पोरी फोटो काढत होत्या. आम्ही आपले मागच्या गल्ल्यांत शिरलो. तिथे विटांची बसकी घरं, दोरीवर वाळणाऱ्या गोधड्या, दारात बसलेले म्हातारे. आभाळ राखाडी होतं आणि थंडी हाडात शिरत होती. सकाळी बीफचं सूप आणि त्यात मोडून घातलेली रोटी, स्वस्त आणि पोटभर.

ते सूप पितानाच शेजारच्या टेबलावरच्या बाईने फोनमधल्या भाषांतराच्या ॲपवर विचारलं, मुलं किती? मित्रा म्हणाली, "एक मुलगा आहे. इंजिनिअरिंग करतोय."

माझा चमचा हातातच राहिला. पण मित्राने वाडगा संपवला. वर्षभरात तिला पोटभर जेवताना मी पहिल्यांदाच बघत होतो, म्हणून गप्प बसलो. दुपारी रेशमाच्या दुकानात राहुलची परीक्षा संपली. संध्याकाळी नूडल्सवालीकडे त्याला नोकरी लागली, आता मुली बघतोय. मला संताप येत होता. हसऱ्या बायकोवर संतापायचं तरी कसं, हेही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बसने विहारात गेलो. वंदनेला आपण पांढरं घालतो, तसंच घातलं. मित्राची पांढरी साडी, माझा पांढरा सदरा. बसमध्ये लोक उठून जागा देऊ लागले तेव्हा वाटलं, काय माणसं आहेत! त्यांच्याकडे पांढरं सुतकात घालतात, हे आमच्या गावीही नव्हतं.

अंगणात एका म्हातारीने मित्राचा हात धरला आणि फोनमध्ये काहीतरी बोलली. पडद्यावर हिंदी उमटलं, घर में किसका देहांत हुआ?

मित्राने हसून सांगितलं की कुणाचंच नाही, आमच्यात वंदनेला पांढरंच घालतात, आणि मुलानेच आम्हाला इकडे पाठवलंय.

विहाराच्या अंगणात हे मला सहन झालं नाही. मी फोन घेतला आणि म्हणालो, "हमारे बेटे का."

म्हातारी रडली. मित्राच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मित्रा रडली नाही. आवारात भारतीय पद्धतीचं एक विहारही आहे, सांचीच्या स्तूपासारखं. तिथे मी एकट्यानेच त्रिशरण म्हटलं. ती बाहेर बसली होती. त्या रात्री तिने वाडगा तसाच ठेवला.

तिसऱ्या दिवशी लेणी पाहिली. त्यांच्याबद्दल लिहायला हवं, लोक तेवढ्यासाठी लोयांगला जातात. पण मला आठवतं ते एवढंच, की मित्रा माझ्या पुढे चालत होती आणि मी हाक मारली तरी थांबत नव्हती.

परतीच्या विमानात मी तिला बरंच ऐकवलं. खरं कधीतरी तोंडाने म्हणावंच लागतं, खोट्यावर किती दिवस काढणार, वगैरे. मी बरोबर बोललो असं मला अजूनही वाटतं. ती खिडकीबाहेर बघत होती.

घरी येऊन बॅगा उघडल्या. पांढरी साडी धुवायला टाकता टाकता ती म्हणाली, "पुढच्या खेपेला मी एकटी जाईन."

मी विचारलं, का?

"तिथे राहुलला नोकरी लागली होती," ती म्हणाली. "तुम्ही त्याला तिथेही मारलंत."