पडद्यावर आलेला विनायक

हे मी कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, तर जरा आडवळणाने येऊ द्या.

इलेक्ट्रॉनिक सिटीत आमचं काम असं: संगणकाला नियम आणि माहिती द्यायची, उत्तर त्याने शोधायचं. एकेक वाट धुंडाळत बसला तर फार वेळ जातो, म्हणून आठ प्रोसेसर एकाच वेळी वेगवेगळ्या वाटांनी सोडायचे. या आठांना हाकणारा भाग माझा. कुणी त्यात चूक काढली की माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

तो तपासायची सुधाअक्का. निपाणीकडची, माझ्याहून मोठी. डबा उघडला की पहिला घास मला. तपासणीसाठी तिने आपल्याच घरच्या माणसांची नावं घातली होती. प्रश्न साधा — हयात कोण? तिचा धाकटा भाऊ विनायक आदल्या वर्षी वारला होता. तेही तिने नीट नोंदवलं होतं.

एका दुपारी ती माझ्या टेबलापाशी आली. चेहरा पांढराफटक. उत्तरांत विनायक आला होता. एकदाच — पुन्हा चालवलं तर नाही.

मला तिथल्या तिथे कळलं. दोन प्रोसेसर मेमरीतली एकच जागा वापरत होते. एकाने तिथलं नाव हयात असल्याची खात्री केली, आणि ते छापायच्या आत दुसऱ्याने तिथे तपासायला विनायक लिहिला. चूक माझी. आणि मी काय केलं? तिच्या नकळत सात प्रोसेसर बंद केले आणि तिच्यासमोर संगणकाला तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. एकटा प्रोसेसर कशाला घोटाळा करेल? विनायक आला नाही. मग मी — अगदी मायेने — म्हणालो, "अक्का, मनात असतं तेच दिसतं कधीकधी."

"सरी," ती कानडीत 'बरं' म्हणाली. "मलाच तसं दिसलं असंल बघ."

चूक मी गुपचूप दुरुस्त केली. अक्काने तपासणीचं काम सोडलं. डोळ्यांवर भरवसा नाही म्हणाली.

जुनी प्रत मात्र मी पुसली नाही. आसपास कुणी नसलं की आठही प्रोसेसर लावून ती चालवतो. पंखे घरघरतात, अक्काच्या घरची नावं येत राहतात... आणि कधीतरी विनायक. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. तरी मागे वळून बघतो.

परवा अक्का जयनगरात भेटली. आम्ही रस्ता ओलांडत होतो. समोरून ऑटो येत होता, हॉर्न वाजवत, चांगला जवळ. तिने माझा दंड घट्ट धरला.

"ऑटो येतोय न्हवं रे? तुलाबी दिसतोय न्हवं?"

मी हो म्हणालो. तेवढंच म्हणालो.