सगळ्या ठेल्याला विचारलेला व्हिसा

माझ्या साडूंना जिचा संताप आलेला नाही, अशी एकही गोष्ट वर्धा जिल्ह्यात शिल्लक नाही. उशिरा येणाऱ्या यष्टीवर ते चिडतात आणि वेळेवर सुटून त्यांना मागे ठेवणाऱ्या यष्टीवर त्याहून जास्त चिडतात. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला देवळीला, धंदा जिनिंगच्या मशिनींच्या फिटरचा. कापसातून सरकी वेगळी करणारं मशीन भर हंगामात अडलं, की समुद्रपूरपासून तळेगावपर्यंतचे मालक यांनाच बोलावतात आणि मशीन सुरू होईपर्यंत यांची बोलणी मुकाट्यानं खातात. माझ्या घरी जेवायला आले, तरी हात धुण्याआधी त्यांची नजर छताकडे जाते. "हा खडखडाट तुम्ही रोज ऐकून राह्यले? काऊन ऐकून राह्यले?" असं म्हणत ते स्टुलावर चढतात, आणि वरण निवेपर्यंत माझा चांगला चालणारा पंखा सतरंजीवर सुटा होऊन पडलेला असतो. तो पुन्हा जोडल्यावर आवाज तेवढाच येतो, पण मग त्याचा दोष पंखा बनवणाऱ्या कंपनीकडे जातो.

अशा माणसाला आफ्रिकेतल्या एका कापसाच्या देशातून कामाचं बोलावणं आलं. नागपूरच्या एजंटकडे मला सोबत नेलं, कारण घरात माझाच एकट्याचा इंग्रजीशी थोडाफार संबंध. टाय लावलेल्या त्या पोरगेल्या एजंटनं तीन वाटा सांगितल्या. पहिली, पाहुण्याचा व्हिसा. स्वस्त आणि झटपट, फक्त तिथल्या विमानतळावर "मीटिंगसाठी आलो" म्हणायचं आणि गुपचूप कामाला लागायचं. दुसरी, हंगामापुरता सहा महिन्यांचा परवाना, पण माणूस एकटा. तिसरी, दोन वर्षांचा परवाना, बायकोसकट.

पहिली वाट ऐकताच साडूंनी टेबलावर अशी थाप मारली, की एजंटचा चहा कागदांवर सांडला. "पाहुणा म्हणून जाऊ अन् मशीन खोलू? अबे, पाहुणा कोणाच्या घरी जाऊन खोलखाल करते का?" माझ्या डोळ्यांपुढे आमचा पंखा आला. खरं सांगायचं तर मलाही त्या एजंटचा मनस्वी राग आला होता. कष्टाच्या माणसाला परक्या मुलखाच्या दारात खोटं बोलायला लावायचं, पकडला गेला तर तुरुंगात तो जाणार आणि हा इथे टाय सावरत बसणार!

उरल्या दोन वाटा. शहाण्या माणसानं घरी येऊन दार लोटलं असतं आणि बायकोला विचारलं असतं. पण देवळीत पुरुषाच्या आयुष्याचे निर्णय पानठेल्यावर होतात. मुलीचं स्थळ, बोअरची जागा, मूळव्याधीचं ऑपरेशन, सगळं तिथेच ठरतं. त्यामुळे व्हिसाही तिथेच गेला. ठेलेवाला म्हणाला सहा महिने पुरे. रिटायर कंडक्टर म्हणाला दोन वर्षं. सलूनवाल्यानं आफ्रिकेत वाघ असतात की सिंह, यावर दोन संध्याकाळी खाल्ल्या. साडू प्रत्येकाचं मत मागत आणि मिळालं की त्याच्यावर भडकत. शेवटी "मी का सहा महिने कच्च्या पोळ्या खाऊ?" असं गरजून त्यांनी दोन वर्षांवर शिक्का मारला. ठेल्यानं चहा मागवून आनंद साजरा केला. व्हिसा एका घराचा आणि मतं अख्ख्या गावाची!

आणि मग अडलं. बायकोला न्यायचं तर लग्न झाल्याचा दाखला हवा. यांच्या लग्नाची नोंदच नव्हती. साडूंचा पारा वर्ध्याच्या उन्हाच्याही वर गेला. "अख्खी देवळी जेवून गेली माह्या लग्नात! त्याईले विचारा ना!" पण सरकारला बुंदीची साक्ष चालत नाही. नोंद करायची तर दोघांच्या सह्या लागतात, म्हणून ते कागद घेऊन अंगणवाडीत गेले. ताई, म्हणजे त्यांची बायको, तिथे सेविका आहेत. पोरांची खिचडी वाढता वाढता त्यांनी विचारलं, "कशाले?"

साडूंनी सांगितलं. ताईंनी पळी ठेवली, पदराला हात पुसले आणि सही केली.

"लगन झालं हाये, तं सही करतो. पण मी येत नाई. ही लेकरं कोण पाह्यल?"

गेल्या आठवड्यात साडू सहा महिन्यांच्या परवान्यावर निघाले. स्टँडवर ताई, मी आणि ते. यष्टी चांगलीच उशिरा आली. कंडक्टरनं त्यांची बॅग पायानं आत ढकलली. मी श्वास रोखून वाट पाहिली, पण साडू नुसते खिडकीशी जाऊन बसले. मला ते मुळीच बरं वाटलं नाही.

गाडी वळली आणि जन्मात आवाज न चढवलेल्या ताई माझ्यावर कडाडल्या. "कसला तो देश, भाऊजी? बायकोवाल्या माणसाले एकटं बोलावते! अन् तुमी लोकं कसले? ठेल्यावरच्या त्या रिटायर कंडक्टरले विचारलं, सलूनवाल्याले विचारलं. मले कोणी विचारलं नाई. मले आणून दाखवला कागद. 'सही कर' म्हणे. अंगणवाडीत मदतनीस हाये, रजा भेटते, सारं होते. पण 'चाल माह्यासंगं' म्हणायले काय जीभ झडत होती त्याईची?"

एवढं बोलून त्या पाठ फिरवून भराभर चालू लागल्या. पदर डोळ्यांकडे गेला, तो मला दिसू नये म्हणून.

यष्टी अजून वर्ध्याला पोहोचली नव्हती. मी साडूंना फोन लावला आणि ताई काय म्हणाल्या ते शब्दन् शब्द सांगितलं. त्यांनी चिडावं म्हणून मी थांबलो. पलीकडे गाडीचा खडखडाट चालला होता. त्यातून कधी न ऐकलेल्या हलक्या आवाजात त्यांनी विचारलं,

"भाऊ, आता म्हटलं, तं येईल का ती?"