ओककाका आणि पांढरा गर

ओककाका कुठल्याही झाडाचं नाव छातीठोकपणे सांगायला घाबरायचे. उभं आयुष्य कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून गेलेलं, पण आवारातल्या आंब्याकडे बोट दाखवून विचारलं तरी आधी पान उलटं करून बघणार, चुरगाळून वास घेणार आणि मग हळूच म्हणणार, "आंबा असावा." आम्ही हसायचो. ते हसत नसत. "नाव चुकलं की पुढचं सगळं चुकतं गं, नीता," असं म्हणून पान खिशात ठेवायचे.

त्यांचं आडनाव ओक नव्हतं, परब होतं. खरे ओक आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे आणि त्यांची निम्मी पार्सलं काकांच्या दारात येऊन पडायची. काकांना हे नाव चिकटलं ते त्यांच्या झाडांमुळे. मुलुंडला टेकडीच्या अंगाला आमची जुनी तीन मजली सोसायटी. तिथे तळमजल्यावरच्या उत्तरेकडच्या गॅलरीत हा माणूस हिमालयातले ओक वाढवत होता.

नोकरीत असताना ते विद्यार्थ्यांबरोबर दोनदा कुमाऊँला गेले होते आणि तिथल्या ओकांनी त्यांना वेड लावलं. तिकडेच स्थायिक झालेला एक जुना विद्यार्थी दर हिवाळ्यात ओल्या शेवाळात गुंडाळून बिया पाठवायचा. सुपारीएवढं तपकिरी गुळगुळीत फळ आणि डोक्यावर खवल्याखवल्यांची टोपी. काका सगळी फळं आधी बादलीत टाकायचे. तरंगली ती मेलेली, बुडली ती जिवंत. जिवंत फळं ओल्या वाळूत घालून श्रीखंडाच्या डब्यातून फ्रिजमध्ये जायची. काकूंनी दही कुठे लावायचं हा त्या घरातला कायमचा प्रश्न होता.

कोंब फुटायच्या आधी मूळ खाली धाव घेतं, म्हणून कुंड्यांऐवजी प्लंबरकडून आणलेले पाइपांचे हातभर लांबीचे तुकडे. प्रत्येकावर ओकच्या जातीच्या पहाडी नावाची चिठ्ठी. ज्याचं पान मागून पांढुरकं, लव असलेलं, तो बांज. ज्याचं मागून गंजासारखं तांबूस, तो खरसू. दोन्हीकडून चकचकीत तो तिलौंज. पण हे सगळं मोठ्या झाडाचं. रोप लहान असताना सगळ्यांचीच पानं काटेरी, एकाच फांदीवर दोन तऱ्हेची, त्यामुळे चिठ्ठीवर नावापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह असायचं. ते प्रश्नचिन्ह खोडलेलं मी कधी पाहिलं नाही, कारण तोवर एप्रिल यायचा आणि रोपं एकेक करून करपायची. एप्रिलमध्ये काका घाबरेघुबरे दिसायचे. ओली गोणपाटं टांगायचे, दुपारी गॅलरीत छत्री धरून उभे राहायचे. तरी तीन-चार रोपं कशीबशी तग धरून होती.

माझी सई तेव्हा चार वर्षांची होती. संध्याकाळी तिला त्यांच्याकडे सोडलं की मला स्वयंपाक करता यायचा. ती त्यांच्या मांडीवर बसून फळांना टोप्या घालायची.

डिसेंबरातला शनिवार होता. दुपारचे चार वाजले असतील. मुलं खाली खेळत होती. सई जिना चढून वर आली, दारात उभी राहिली आणि भडभडून ओकली. चेहरा पांढराफटक पडला होता. काय खाल्लंस विचारलं तर मूठ उघडली. मुठीत चावलेल्या गराचे तुकडे आणि तपकिरी टरफलाचा चुरा. फ्रॉकच्या खिशात ओकची दोन फळं.

नवरा नाशिकला गेला होता. मी ते तुकडे एका डब्यात भरले, तिला कडेवर घेतलं आणि रिक्षा करून चौकातल्या नर्सिंग होममध्ये पोचले. रस्ताभर तिचं डोकं माझ्या खांद्यावर लुळं पडलं होतं आणि मी मिनिटामिनिटाला तिच्या नाकाखाली बोट धरत होते. तिथल्या तरुण डॉक्टरने खिशातली फळं पाहिली, फोनवर काहीतरी वाचलं आणि म्हणाला, ओकचं कच्चं फळ खाल्लं की पोट बिघडतं, उलट्या होतात, जिवाला धोका नसतो. अर्धा तास बसा आणि घरी न्या.

तेवढ्यात काका आले. कुणीतरी त्यांना सांगितलं असणार. पायात एकच चप्पल होती. त्यांना बघितलं आणि माझा तोल सुटला. बाकांवरच्या सगळ्या लोकांसमोर मी म्हणाले, "तुमची ती घाण माझ्या मुलीच्या हातात कशाला दिलीत? तिला काही झालं ना, तर मी तुम्हाला सोडणार नाही."

खालमानेने ते म्हणाले की दोन फळं दुपारी त्यांनीच दिली होती, आणि ते पाणी आणायला आत गेले तेव्हा ती गॅलरीत एकटी होती, अजून घेतली असतील तर त्यांना माहीत नाही. मग त्यांनी डबा मागितला.

डबा खिडकीत नेऊन त्यांनी शर्टाच्या खिशातून भिंग काढलं. टरफलाचा तुकडा त्यांनी नखाने दाबून पाहिला, वाकवून पाहिला. मग गराचा तुकडा तळहातावर घेऊन बघत राहिले. सईच्या खिशातलं एक फळ मागून घेऊन दाताने फोडलं, त्याचा गर शेजारी ठेवला आणि थांबले. किती थांबले कोण जाणे. मला ते वेड्यासारखं वाटत होतं. माझी मुलगी बाकावर आडवी पडलेली आणि हा माणूस खिडकीत उभा राहून तळहात न्याहाळतोय.

मग ते डॉक्टरसमोर जाऊन उभे राहिले.

"हे ओक नाही. ही पिवळी कण्हेर आहे. बिट्टी."

डॉक्टरने विचारलं, नक्की का? मी काकांकडे बघत होते. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. "नक्की," ते म्हणाले. "ओकचा गर फोडला की तपकिरी पडायला लागतो. हा बघा, आत्ता फोडलाय आणि कडेने काळवंडला. तिच्या मुठीतला केव्हाचा चावलेला, अजून पांढरा आहे. आणि ओकचं टरफल वाकतं, हे लाकडासारखं तुटतंय. बिट्टी हृदयावर जाते, डॉक्टर. हिची नाडी बघा."

डॉक्टरने नाडी बघितली. त्याचा चेहरा मी अजून विसरले नाही. पुढच्या दहा मिनिटांत ॲम्ब्युलन्स आली होती.

मोठ्या हॉस्पिटलात सईला कोळशाचं औषध पाजलं, छातीला वायरी लावल्या. पडद्यावरची रेघ मध्येच सपाट लांबायची आणि प्रत्येक वेळी मी नर्सला हाक मारायची. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की ठोके फारच मंद झालेत, इंजेक्शन दिलंय, पुढचा दिवस महत्त्वाचा. कुंपणाजवळच्या बिट्टीच्या झाडाखाली मोठी मुलं दगडाने बिया फोडून बदाम-बदाम खेळत होती, हे सोसायटीतून फोनवर कळलं. लहानपणी आम्हीही त्याच बियांनी खेळलो होतो. कुणाला कधी त्यांची भीती वाटली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सई घरी आली. सोसायटीने ते झाड तोडलं. मी मात्र पार बदलून गेले. तिला खाली पाठवायचं बंद केलं. झोपेत तिच्या छातीवर हात ठेवून ठोके मोजायची. तिने रस्त्यातलं पान उचललं तरी मी ते हिसकावून घ्यायची. ती सहा वर्षांची झाली, सातची झाली, तरी माझं हे सुटलं नाही.

काकांनीही गॅलरी रिकामी केली. उरलेली रोपं खोक्यात घालून ते स्वतः गाडीने कुमाऊँला जाऊन त्या विद्यार्थ्याच्या हवाली करून आले. काकूंनी खूप समजावलं, तुमची काही चूक नव्हती म्हणून. आमच्या घरी ते येईनासे झाले. जिन्यात भेटले की सईची चौकशी करून पुढे जायचे. मी त्यांना जे बोलले होते त्याबद्दल माफी मागायची रोज ठरवायची. लोकांसमोर बोलले होते, मग एकट्यात माफी कशी मागायची, असं करत करत तीन वर्षं गेली.

मग आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. परब काका-काकू मुलीकडे पुण्याला निघाले. टेम्पो भरून झाला होता, काकू पुढे बसल्या होत्या. मी खाली धावत गेले आणि त्या दिवसाचं एकदाचं बोलून टाकलं. म्हटलं, काका, तुम्ही तिला वाचवलंत आणि मी तुम्हाला काय काय बोलले.

त्यांनी एकदा रिकाम्या गॅलरीकडे बघितलं.

"त्यात काय चुकलं तुझं? आई आहेस," ते म्हणाले. मग आवाज खाली आला. "अगं, खिडकीत उभा होतो ना, तेव्हा मी एकच मागत होतो. तिच्या मुठीतला तो गर तपकिरी पडू दे. माझ्यामुळेच झालेलं असू दे, लोक काय म्हणायचं ते म्हणू देत, पण ओकच असू दे. पाच मिनिटं वाट बघितली मी. पडलाच नाही गं तपकिरी."

एवढं बोलून ते माझ्या देखत, टेम्पोच्या ड्रायव्हरच्या देखत रडले. मी त्यांचा हात धरला.