काय काय सोडलं

रुग्णालयातल्या बैठकीत माझ्या शेजारच्या बाईंनी बसण्याआधी पिशवीतून जुन्या साडीची घडी काढली, खुर्चीवर ठेवली आणि कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघितलं. मी पाहिलं होतं. मी पटकन मान फिरवली, कारण तशीच एक घडी माझ्याही खाली होती.

लघवी आवरत नाही अशा आम्हा काही बायकांना डॉक्टरांनी बोलावलं होतं. उपचारासाठी नव्हे, तर त्यांच्या संशोधनात काय विचारावं, हे आमच्याबरोबर ठरवायला.

"दिवसातून किती वेळा असं होतं, हे आम्ही विचारणार आहोत. बरोबर आहे ना?" तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सगळ्या गप्प. पाय मोडला तर माणूस चारचौघांत प्लास्टर दाखवतं. हे मात्र नवऱ्यालाही सांगवत नाही. आपण असे गप्प बसतो, म्हणूनच आपल्याबद्दल कुणाला फारसं ठाऊक नसावं, असं मनात आलं.

"किती वेळा, ते नका विचारू," मी म्हणाले. कान तापले होते. "काय काय सोडलं, ते विचारा. मी नातवाला मांडीवर घेत नाही."

शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, "मी बहिणीकडे मुक्कामाला जात नाही. तिला वाटतं, मी तिच्यावर रागावलेय."

डॉक्टरीणबाईंनी आधीचा प्रश्न खोडला. "मग नवा प्रश्न तुमच्याच शब्दांत सांगा."

आम्ही दोघी सांगत गेलो, पण एकमेकींकडे बघायचं धाडस काही झालं नाही.