हात दाबला की माझी ओळ

कान गेले तेव्हा मी देवावर रुसले. गुडघे न्यायचे होते, डोळे न्यायचे होते, कानच का? केडगावच्या आमच्या देवळात इतकी वर्षं भजन मीच सांगत आले. आमच्याकडे बायका समोरासमोर दोन रांगांत बसतात. एका रांगेची ओळ संपली की दुसरीने उचलायची. समोरची ओळ संपलेली मला कळेना. मी मध्येच तोंड घालायची, तेही खड्या आवाजात. बायका आधी हसल्या, मग वैतागल्या, आणि एके दिवशी शेजारच्या सुमनने माझ्या पुढ्यातले टाळ हळूच उचलून घेतले. ती काय म्हणाली ते सुनेने घरी आल्यावर मला ओरडून सांगितलं, "काकू, तुम्ही आता नुसतं ऐका." बहिरीला ऐका म्हणे!

मुलाने कानाचं मशीन आणलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, रोज घाला, सवय व्हायला वेळ लागतो. पण त्यात भांडी आदळायची, पंखा घोंघावायचा आणि माणसाचं बोलणं तेवढं त्या कालव्यात बुडून जायचं. मी ते डबीत घालून कपाटात टाकलं. घरात सगळे हसत, मी भिंतीकडे बघत बसे. देवा, आता मलाही ने, असं रोज म्हणे. मनापासून म्हणे.

सून मला बळेच नेवाशाच्या देवळात घेऊन गेली. तिथेही भजन चाललं होतं, तशाच दोन रांगा. मी मागे खांबाला टेकून, ओठ घट्ट मिटून बसले. डोळ्यांचं पाणी काही खळेना. शेजारी जामखेडकडची एक बाई होती, ऊसतोडीने हातांना घट्टे पडलेली. ती माझ्या तोंडासमोर आली आणि अगदी सावकाश बोलली, "मावशी, रडू नगा. माझ्या सासूचं बी असंच हुतं. हात द्या. आपली बारी आली की म्या दाबीन."

कोणतं भजन चाललंय ते तिने ओठ हलवून दाखवलं; ते मला पाठच होतं. मग तिने हात दाबला. मी ओळ म्हटली, थांबले. पुन्हा दाबला. माझा आवाज मला छातीत तेवढा जाणवत होता, बाकी काही नाही. पण भजन माझ्यामुळे मोडलं नाही. डोळे पुसून तिचं नाव विचारायला वळले, तर त्यांचा टेम्पो निघाला म्हणून ती गेलीही होती.

कान परत आले नाहीत, येणारही नाहीत. अजूनही काही दिवस फार वाईट जातात. सकाळी घर शांत असताना सून भाजी चिरत माझ्याशी बोलते, तेव्हा मी मशीन घालून बसते. तिचे शब्द थोडे थोडे सुटे होऊ लागलेत. नेवाशाची गोष्ट तिने सुमनला सांगितली. आता संध्याकाळी देवळात सुमनच माझा हात धरून बसते. पूर्वी माझ्या आवाजामागे सगळ्या यायच्या. आता माझी ओळ कधी, हे मी ठरवत नाही. देवा, हात तेवढा सोडू नकोस; तू दाबशील तेव्हा मी म्हणेन.