नुसतं नाव घेतलं म्हणून

"ए, हिचा बाप कोन? फुडं ये."

भर मांडवात माईकवरून हे आलं, तेव्हा माझा बाप क्लॅरनेट तोंडाला लावून उभा होता. अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी गोंडे, डोक्यावर तुऱ्याची टोपी. लांबून बघितलं तर राजाच. जवळ आलं की दिसायचं, कोट दोन्ही काखांत उसवलेला.

मी नववीत होते. कोल्हारच्या बाजूचं, प्रवरेच्या काठचं गाव. ऊसवाल्यांचं लग्न. आम्ही मांग, आमचा बँड. आजा सनई वाजवायचा, बाप क्लॅरनेट, थोरला भाऊ कॅसिओ. आणि गाणारी मी. बँडच्या गाडीत कोंडून बसायचं आणि गायचं. लोकांना आवाज पाहिजे असायचा, पोरगी नको असायची.

आमच्याकडच्या लग्नात नवरानवरीपेक्षा पाहुण्यांच्या नावांना जास्त मान. चेअरमन आले, सरपंच आले, माजी आले, भावी आले. एकेकाचं नाव माईकवर पुकारायचं. गाणं कुठंही असो, गाडीतून पुढारी उतरला की तिथंच तोडायचं. आधी नाव, मग गाणं. वऱ्हाड उन्हात वाळतं, मुहूर्त टळतो, अक्षता हातात घामेजतात. पण नाव टळत नाही.

पुकारायचं काम भावाचं. त्या दिवशी त्याचा घसा बसलेला, म्हणून मला गाडीतून उतरवून मांडवात माईक देऊन उभं केलं आणि चिठ्ठी माझ्या हातात आली. नवरदेवाच्या मामानं घाईघाईत नुसती नावं खरडलेली. साहेब, दादा, सन्माननीय हे पुकारणाऱ्यानं आपल्या मनानं लावायचं असतं. भावाला ते तोंडपाठ. मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला वाटलं, कागदावर आहे ते वाचायचं. मी शाळेत हजेरी घेतात तसं वाचलं. नाव, बापाचं नाव, आडनाव. यांचं आगमन झालं आहे. बास.

ते नाव इथं लिहीत नाही. भ्याले म्हणून नाही. केस चालू आहे, वकील म्हणाला नको. तेव्हा गाव त्याला धाकटे साहेब म्हणायचं. साखर कारखान्याच्या चेअरमनचा पुतण्या. वय तिशीचं, रुबाब साठीचा.

त्यानं माझ्या हातातून माईक घेतला आणि बापाला पुढं बोलावलं. बाप पळतच आला. क्लॅरनेट काखेत दाबून हात जोडले. म्हणाला, "चुकलं साहेब. पोर हाय. येडी हाय."

"मला नगं सांगू. माईकवर सांग. समद्यांना ऐकू जाऊ दे."

बाप माईकवर म्हणाला. मग कुणीतरी मागून ओरडलं, "नाक घास की!" कोण ओरडलं ते आजपर्यंत कळलं नाही. धाकटे साहेब हसला. नको म्हणाला नाही. माझ्या बापानं टोपी काढली, लाल गालिच्यावर गुडघे टेकले आणि त्याच्या बुटापुढं नाक घासलं. सातशे-आठशे माणूस बघत होतं. बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या. कुणाच्या घशात घास अडकला नाही.

मग माझी पाळी. "आता म्हन. नीट म्हन. अकरा वेळा."

मी म्हणाले. सन्माननीय, आदरणीय, युवा नेते, साहेब, सगळं लावून अकरा वेळा. माझा आवाज कापला नाही. उलट असा लागला की मांडव दणाणला. अकराव्याला लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांची मला आजही शिसारी येते. बापाचं नाक घासलं जाताना मी गप्प होते आणि ज्यानं घासायला लावलं त्याचं नाव मी गोड आवाजात पुकारत होते. आधी माझी मला लाज वाटली. त्याची चीड यायला लई वर्षं लागली.

टेम्पोत बसल्यावर बाप एकच वाक्य बोलला, "सुपारी तर हातची गेली न्हाई." आणि वाटीतले बुंदीचे लाडू आम्हा दोघांपुढं केले. भावानं खाल्ला. मी नाही.

बारावीनंतर मी नगरला मावशीकडं आले. नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपला लागले. आठ तास प्रेस मशीनपुढं. शेजारच्या बाईशी बोलायचं तर ओरडूनच बोलायचं. शेडच्या मागं, सुट्टीच्या दिवशी, आमच्यातलीच दोन पोरं गिटार आणि ड्रम बडवत बसायची. एकदा गेले बघायला. कान फुटायची पाळी. ते म्हणाले, ह्याला रॉक म्हणतात, गातेस का?

मी विचारलं, "ह्यात मधी नावं कुठं पुकारायची?"

ते खो खो हसले. "कसली नावं? गानं सुरू झालं की संपेस्तवर कुनासाठी थांबायचं न्हाई. देव आला तरी."

हसून हसून त्यांची मुरकुंडी वळली, पण मला रडू फुटलं. असलं गाणं जगात असतं आणि मला कुणी सांगितलं नव्हतं! त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटातून ओरडले. शेडचा पत्रा थरथरला. वॉचमन पळत आला, त्याला वाटलं कुणाचा हात मशीनमध्ये गेला.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. मोबाईलवर फिरलेलं पहिलं गाणं, मग पुणे, मुंबई, बंगळूर. पोस्टरवर माझं तोंड. एका कंपनीवाल्यानं सांगितलं, आडनाव काढा, नुसतं पहिलं नाव ठेवा, शहरी वाटतं. मी आडनाव ठेवलं आणि कंपनी सोडली. मुलाखतीत छान छान इंग्रजी पोरी विचारतात, हा राग तुम्ही कुठून आणता? आणता म्हणजे काय? मंडईतून? किलोनं?

माझ्या करारात पहिल्यापासून एक ओळ आहे. गाणं चालू असताना कुणाचंही स्वागत, सत्कार, नामोल्लेख होणार नाही. मॅनेजर हसायचा. म्हणायचा, ताई, लोक पाण्याच्या बाटल्या मागतात, हॉटेल मागतात, तुमचं काय भलतंच. हसू दे त्याला.

गेल्या हिवाळ्यात नगरला कार्यक्रम झाला. माझ्या जिल्ह्यात पहिला. संयोजकानं ती ओळ वाचून सही केली होती. चौथं गाणं चालू होतं, पोरं उड्या मारत होती, आणि मैदानाच्या कडेनं गाड्यांची रांग आत आली. उतरला कोण, तर तोच. आता धाकटा राहिला नव्हता, पोट सुटलं होतं, मागं माणसांचा घोळका. मला त्यानं ओळखलं नाही. कसं ओळखणार? त्यानं त्या दिवशी माझ्याकडं बघितलंच नव्हतं, बापाकडं बघत होता.

संयोजक शाल, नारळ आणि चिठ्ठी घेऊन स्टेजवर चढला. मी गात होते. तो माझ्या तोंडासमोर चिठ्ठी नाचवायला लागला. "मॅडम, एक मिनिट, फक्त नाव घ्या, साहेब उभे आहेत." मी मान हलवली. तो माईकला हात घालायला लागला. तेव्हा मी तालातच, माईकवर म्हणाले,

"गाणं चालू हाय. ज्याला बसायचं त्यानं बसावं. ज्याला जायचं त्यानं जावं."

आणि पुढची ओळ उचलली.

पोरांनी आभाळ डोक्यावर घेतलं. साहेबानं नुसती मान वळवली. अर्ध्या मिनिटात स्पीकर मेले, दिवे गेले. मी गातच राहिले, पण सिनेमात होतं तसं काही झालं नाही. माझा आवाज पहिल्या दोन रांगांपलीकडं गेला नसेल. खुर्च्या फुटल्या, पोलीस आले, कार्यक्रम बंद. दुसऱ्या दिवशी माझ्यावर गुन्हा, गर्दी भडकवली म्हणून. आठवड्यानं साहेबाचा अब्रुनुकसानीचा दावा. त्या दाव्यातली एकच गोष्ट मला आवडली. कोर्टातला शिपाई व्हरांड्यात पुकारा करतो तेव्हा कुणालाच साहेब लावत नाही.

मग गावाकडं सुरू झालं. ऐन लग्नसराईत भावाच्या सुपाऱ्या एकामागून एक मोडल्या. कुणी भांडून नाही, गोडीत. "औंदा डीजे लावलाय रं, पुढच्या वर्षी बघू." भावानं मला फोन करायचं सोडलं. नंतर साहेबाच्या माणसांनी मोबाईलवर मजकूर पाठवला. तयार. मला फक्त वाचून दाखवायचा होता. "माझ्याकडून अनावधानाने झालेल्या चुकीबद्दल मी आदरणीय साहेबांची हात जोडून माफी मागते." खाली सूचना. साडी नेसावी. डोक्यावर पदर असावा. व्हिडिओ आला की दावा मागं घेऊ, भावाच्या सुपाऱ्याही सुरू होतील.

परवा सकाळी आबांचा फोन आला. बापाला आम्ही आबा म्हणतो. आता क्लॅरनेट सुटलंय, दम पुरत नाही.

"दोन मिन्टाचं काम हाय. म्हनून टाक."

"न्हाई, आबा."

"आगं, मी नाक घासलं. माझं काय झिजलं का?"

हे वाक्य त्यांनी अगदी साध्या सुरात म्हटलं. इतकी वर्षं ह्या माणसानं स्वतःला हेच सांगत काढली होती.

"झिजलं, आबा. तुमचं झिजलं, माझं झिजलं. लाडू खाऊन भरून निघत न्हाई त्ये."

मग म्हणाले, "त्येंची माणसं वट्यावर बसल्यात. च्या पिऊन झाला. त्यास्नी काय सांगू?"

"सांगा, पोरगी माफी मागत न्हाई."

"ह्ये मी सांगू?"

"व्हय. तुमीच सांगा. उभं ऱ्हाऊन सांगा. हात न जोडता."

फोन कट झाला. आबांनी सांगितलं का, मला ठाऊक नाही. मावशी म्हणाली, म्हाताऱ्या बापाला असल्या पेचात घालणारी लेक कसली? असेन मी तसली. बाप भर मांडवात वाकला तेव्हा कुणी विचारलं नाही, वाकवणारे तुम्ही कसले.

तो मजकूर मी मोबाईलवरून काढून टाकला. भावाला निरोप धाडलाय, कॅसिओ घेऊन ये, माझ्यासोबत वाजव. आला तर आला. व्हिडिओ होणार नाही. आबा माझ्यावर रुसून मेले, तरी होणार नाही.